घडीचा पट्टा चाकूने बदला म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरून राहिला. कॉलनीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, परवा आतेभावानेही तोच पाठवला. त्यात म्हटलंय की महागड्या घडीचा पट्टा बदलायला दुकानात पैसे काहून घालवता, सेफ्टी पिन नाहीतर भाजीचा चाकू घ्या, पिन दाबा की पट्टा बाहेर. चांगल्या घडीचं स्टील कडक असतं, त्याला काही होत नाही. पट्टा एक-दोन एमएम मोठा असला तर दाबून बसवा. ओरखडा पडलाच तर टूथपेस्टने घासा, आणि तरीही नाही गेला तर बफ मारून घ्या, घडी नवीन होते.

घरी पट्टा बदलायला माझी ना नाही, उलट प्रत्येकाला ते यायला पाहिजे असंच मी म्हणतो. पण या मेसेजच्या भरवशावर कोणी वर्षानुवर्षं पैसे जमवून घेतलेल्या ओमेगा नाहीतर ट्युडरला चाकू लावला तर ते नुकसान परत भरून येत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात आधी ते "कडक स्टील". बहुतेक महागड्या घड्यांचं स्टील 316एल असतं, रोलेक्स 1985 पासून 904एल वापरायला लागली. ही दोन्ही स्टीलं भारी आहेत ती गंज धरत नाहीत म्हणून, घाम सोसतात म्हणून, आणि आपल्या नागपूरच्या 45 डिग्रीत ते कामाचंच आहे. पण कडकपणा म्हणाल तर विकर्सच्या मापात ही साधारण 200 च्या आसपासच. भाजीचा चाकू 500 च्या वर असतो. म्हणजे चाकू आणि केस, म्हणजे घडीची धातूची बॉडी, एकमेकांना घासले तर ओरखडा कोणावर पडणार हे आधीच ठरलेलं आहे. लोकांचा गोंधळ होतो तो काचेमुळे, सफायर काच 2000 च्या आसपास असते, तिला चाकूने काही होत नाही, मग वाटतं अख्खी घडीच स्क्रॅचप्रूफ आहे. झिन किंवा सिटिझनच्या काही मॉडेलमध्ये वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो, त्यांची गोष्ट वेगळी. सोन्याची घडी तर स्टीलसारखीच हळवी समजून चाला.

आणि चाकू नसला तरी धूळ आहेच. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावरची जी बारीक धूळ उडते नं, तिच्यातले वाळूचे कण स्टीलपेक्षा कितीतरी कडक असतात. पट्ट्याच्या आणि केसच्या फटीत घामाचं मीठ आणि ही धूळ मिळून एक करडी पपडी बसते. तशीच्या तशी चेन हलवली की ती धूळच केसला घासते. म्हणून पट्टा काढायच्या आधी मऊ ब्रशने फट साफ करा. घडी वॉटर रेझिस्टंट असेल आणि क्राऊन, म्हणजे बाजूची वेळ लावायची कळ, नीट बंद असेल तर कोमट पाण्यात एक थेंब साबण चालतो. पिन जाम झाली असेल तरी यानेच मोकळी होते, जोर लावायची गरज पडत नाही.

आता चाकू आणि सेफ्टी पिन. इथे जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक ओरखडे इथेच पडतात.

पट्टा ज्या पिनवर असतो ती स्प्रिंगबार, आतून पोकळ, आत स्प्रिंग, दोन्ही टोकं दबणारी. टोकाच्या जरा अलीकडे एक बारीक कडा असते. ती कडा पकडून आत ओढायची, म्हणजे टोक लगच्या भोकातून बाहेर येतं. लग म्हणजे केसचे ते चार पाय ज्यांच्यामध्ये पट्टा बसतो. स्प्रिंगबार टूलला पुढे जे छोटं दोन दातांचं तोंड असतं ते फक्त ही कडा पकडायला. चाकूला दात नाहीत, तो कडेवर टिकतच नाही, तुम्ही जोर वाढवता, आणि मग सटकतो तो सरळ भोकाकडून लगच्या पाठीवर. आतेभावाच्या घडीवर अगदी असाच एक ओरखडा आहे, भोकापाशी खोल सुरू होतो आणि बाहेरच्या कडेपर्यंत वाकडा होत पातळ होत जातो. उजेडात तिरपी धरली की नजर तिथेच जाते.

टूल आणलं म्हणून काम झालं असंही नाही बरं. टूलचं टोकसुद्धा केसपेक्षा कडक स्टीलचंच असतं, बर्जेऑन या स्विस कंपनीचं असो की नागपूरच्या बर्डी बाजारात मिळणारं साधं असो. फरक एवढाच की ते पकडतं, सटकत नाही. म्हणून टेप लावायचीच. चारही लगला, आतून, मागून आणि वरून, कॅप्टॉन टेप (ती पातळ पिवळसर चिकटपट्टी) असेल तर उत्तम, नसेल तर पेंटर लोकांची मास्किंग टेप. जोर नेहमी लगपासून लांब, पट्ट्याच्या मधल्या बाजूला लावायचा, म्हणजे सटकलंच तर टूल पट्ट्यावर जाईल, केसवर नाही. घडी मऊ कापडावर पालथी ठेवा. आणि कूलरसमोर बसू नका बाप्पा, स्प्रिंगबार उडाली आणि कूलरच्या आवाजात कुठे पडली ते कळलं नाही की तास जातो. पिनेवर बोट ठेवूनच काढा.

लेदरचा पट्टा सोपा असतो. खरी परीक्षा स्टीलच्या चेनची, कारण चेनचं टोकाचं लिंक दोन लगच्या मध्ये अगदी घट्ट बसलेलं असतं आणि धातूला धातू लागूनच आत-बाहेर होतो. एक बाजू सोडवली, दुसरी सोडवायला गेलं की पहिली परत भोकात टक्‌ करून बसते, मग माणूस चेन पिळतो, आणि पिळली की लिंकचा कोपरा लगच्या आतल्या बाजूला रेघ मारतो. बर्जेऑनचा 6825 चिमटा यासाठीच आहे, दोन्ही टोकं एकदम दबतात. तो महाग वाटत असेल तर झिपलॉक पिशवीच्या प्लॅस्टिकचा तुकडा कापून चेन आणि लगच्या मध्ये सरकवा. बर्डीवर एक घडीवाले काका आहेत, डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसतात, ते कोणतीही चेन काढायच्या आधी न चुकता हा तुकडा घालतात. बसवताना तर तो जास्तच लागतो, कारण बसवताना पिनचं टोक भोक सापडेपर्यंत लगच्या आतून घासत जातं. एक टोक आधी भोकात, मग दुसरं टोक टूलने पूर्ण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं भोकापर्यंत न्यायचं. नुसतं ढकलून "बसेल आपोआप" करू नका.

ज्यांच्या घडीला लगमध्ये आरपार भोकं आहेत, सेको एसकेएक्ससारखी, त्यांना हा त्रासच नाही, बाहेरून बारीक पिनने दाबलं की झालं. फक्त त्या सेकोची स्प्रिंगबार 2.5 एमएम जाड असते, तिच्या जागी साधी पातळ टाकू नका.

"एक-दोन एमएम मोठा असला तर दाबून बसवा." नका बसवू. दाबलेला पट्टा रोज लगच्या आतल्या बाजूला घासत राहतो, कडा फुगतात, आणि पुढच्या वेळेस काढताना टूलला आत शिरायला जागाच राहत नाही. लहान पट्टाही चालत नाही, तो पिनवर डावी-उजवीकडे सरकत राहतो. व्हर्नियरने लगमधलं अंतर मोजा, अंदाज करू नका. एकाच मॉडेलच्या नव्या-जुन्यातही फरक असतो, रोलेक्स सबमरिनर आधी 20 एमएम होती, 2020 मध्ये 41 एमएमचा केस आला आणि लगमधलं अंतर 21 झालं. जुन्याचा पट्टा नव्याला लावला की एक एमएमची फट दिसते.

टूथपेस्ट. याच्यात थोडं खरं आहे म्हणून तो मुद्दा इतका पसरला. अ‍ॅक्रिलिक काचेवर, म्हणजे जुनी एचएमटी जनता किंवा हेसालाइटवाली ओमेगा स्पीडमास्टर, बारीक रेघा टूथपेस्टने खरंच जातात. पण स्टीलवर तीच टूथपेस्ट घासली की चकचकीत भागावर धूसर डाग पडतो, आणि ब्रश केलेल्या, म्हणजे रेघारेघांच्या भागावर एक चमकणारा ठिपका तयार होतो जो ओरखड्यापेक्षा जास्त दिसतो. काळ्या पीव्हीडी थरावर (स्टीलवर चढवलेला पातळ थर) किंवा सोन्याच्या मुलाम्यावर तर हात लावू नका, थर गेला की गेला. सफायर काचेवर बाहेरून अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग, म्हणजे चमक कमी करणारा थर, असेल तर रेघा तिच्यावरही पडतात. आणि कधीकधी काचेवर जो ओरखडा वाटतो तो ओरखडा नसतोच, दुसऱ्या धातूचा डाग उमटलेला असतो, ओल्या कापडाने किंवा साध्या खोडरबराने निघून जातो. आधी ते करून बघा.

शेवटी बफ. बफ ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचं स्टील तेवढं खाली उतरवतो. प्रत्येक वेळी धातू जातो. लगच्या ज्या धारदार कडा, मधल्या चकचकीत पट्ट्या कंपनीने इतक्या मेहनतीने काढलेल्या असतात त्या गोल होऊन जातात, आणि जुनी घडी विकायला गेलात तर बघणारा पहिले लगच पाहतो. ब्रश केलेल्या स्टीलच्या चेनवर बारीक रेघा असतील तर नवीन हिरवी स्कॉच-ब्राइट घेऊन, चकचकीत कडांना टेप लावून, मूळ रेघांच्याच दिशेने एकाच बाजूला हलक्या हाताने फिरवा, आणि आधी क्लॅस्पच्या, म्हणजे चेन बंद करायच्या कडीच्या, आतल्या भागावर करून बघा. एवढं घरी जमतं. लगच्या आत किंवा मागे जे ओरखडे आहेत ते पट्टा लावला की दिसतही नाहीत, त्यांना राहू द्या. खोल खाच पडली असेल तर लेझर वेल्डिंगने धातू भरून परत फिनिश करणारे कारागीर असतात, ते काम कोपऱ्यावरच्या बफ मशीनचं नाही.

आणि सर्व्हिसला घडी टाकाल तेव्हा, नागपुरात टाका की पुण्या-मुंबईला पाठवा, देण्याआधी चारही लगचे फोटो जवळून काढा, आणि पावतीवर "पॉलिश करू नये" असं लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी सर्व्हिसमध्ये पॉलिश धरलेलंच असतं, तुम्ही बोलला नाहीत तर करूनच देतात.