‘बायकांचा फुटबॉल बघतंय कोण?’ बघतात की, आधी मैदान तर द्या

गेल्या आठवड्यापासून आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडंपण आलाच असणार, कारण वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं लिहिलेलंच होतं. थोडक्यात म्हणणं असं की बायकांचा फुटबॉल कोणी बघत नाही आणि कधी बघितलेलापण नाही, परदेशातली भरलेली स्टेडियमं दाखवतात ती फुकट तिकिटं वाटून भरलेली असतात, अमेरिकेच्या वर्ल्ड चॅम्पियन बायकांना शाळकरी पोरांनी हरवलंय, आणि आपल्या पोरी तर खिजगणतीतच नाहीत, म्हणून मैदान आणि पैसा त्यांच्यावर घालवू नये. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आमच्याकडं नेमकी आत्ताच चर्चा चाललीय की मैदानावर संध्याकाळचे दोन तास, आठवड्यातनं तीन दिवस, पोरींच्या फुटबॉलला द्यायचे का, आणि हा मेसेज टाकणारे आमचे काका त्याच मीटिंगला बसणारेत. माझी पुतणी त्या टीममध्ये खेळते, त्यामुळं मी काय तटस्थ वगैरे नाही, आधीच सांगून ठेवतो.

तर पहिलं. ‘कधी कोणी बघितलंच नाही.’

हे साफ चूक आहे. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क मैदान, डिक कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स. आत ५३,००० लोक आणि हजारो गेटवरनं परत गेले. डिक कर हे कुठल्या बाईचं नाव नाही, प्रेस्टन गावातल्या कारखान्याचं आहे. पहिल्या महायुद्धात तिथं तोफगोळे बनायचे, पुरुष लढाईवर गेलेले म्हणून कामाला पोरी, आणि सुट्टीत कारखान्याच्या आवारात बॉल मारता मारता त्यांची टीम झाली. मॅचचे पैसे जखमी सैनिकांसाठी, दवाखान्यांसाठी जायचे. आणि प्रेस्टन म्हणजे कापडगिरण्यांचं गाव बरं का, ज्याच्या आजोबांनी जुन्या मिलच्या नाहीतर लक्ष्मी-विष्णूच्या भोंग्यावर आयुष्य काढलं त्या सोलापूरकराला ते गाव वेगळं समजावून सांगायला नको.

मग ती पब्लिक गेली कुठं? तर ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांसाठी नाही, आणि असोसिएशनमधल्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या मॅचला द्यायची नाहीत. नीट वाचा, बायकांनी खेळायचं नाही असा कायदा नव्हता केला, फक्त मैदान काढून घेतलं. तेवढं पुरलं. पुढची जवळपास ५० वर्षं ते तसंच राहिलं. पश्चिम जर्मनीत असलीच बंदी १९५५ ते १९७०, आणि ब्राझील, ज्याला आपण फुटबॉलची पंढरी म्हणतो, तिथं तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकूमच होता. म्हणजे दुकानाला बाहेरनं कुलूप तुम्हीच लावायचं आणि मग म्हणायचं गिऱ्हाईकच येईना.

एवढं करूनही १९७१ ला मेक्सिकोत बायकांची एक वर्ल्ड कप स्पर्धा झाली, फिफाची मान्यता नसलेली, आणि तिच्या फायनलला अ‍ॅझटेका स्टेडियमवर लाखाच्या वर लोक होते. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० हरवलं, तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीचे. पंधरा वर्षांच्या! आपल्याकडं त्या वयाच्या पोरीला ‘आता दहावी आहे, खेळ बंद’ म्हणतात. असो, तो वेगळा विषय.

दुसरा मुद्दा, फुकट तिकिटांचा. इथं काकांना अर्धा मार्क देतो. ३० मार्च २०२२ ला बार्सिलोना क्लबच्या बायकांची रियल माद्रिदबरोबर कॅम्प नोऊ ह्या मोठ्या स्टेडियमवर मॅच झाली, ९१,५५३ लोक, आणि तिकिटं स्वस्त होती हे खरंय. पण तीन आठवड्यांनी, २२ एप्रिलला, त्याच मैदानावर जर्मनीच्या वोल्फ्सबर्गबरोबर मॅच झाली तर आकडा ९१,६४८. एकदा माणूस स्वस्ताईला भुलून येतो, महिन्याच्या आत तेवढीच माणसं परत येतात ती कशाला?

आणि फुकट ठेवलं की खुर्च्या भरतात असं ज्याला वाटतं त्यानं सोलापुरात कधी कार्यक्रम घेतलेला नाही. प्रवेश फुकट, वर चहा-बिस्कीट, तरी पुढच्या चार रांगा पांढऱ्या कव्हरसकट मोकळ्या असतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्याकडं पोरींच्या मॅचला तिकीट असतंय तरी कुठं? फुकटातच सगळं होत असतं तर आतापर्यंत आपली मैदानं ओसंडून वाहिली असती की.

बरं, बार्सिलोना सोडा, ती युरोपातली मोठी स्पर्धा होती, नॉकआऊटची मॅच होती. मला जास्त पटतं ते लंडनच्या आर्सेनल क्लबच्या बायकांचं उदाहरण, कारण ती साधी घरच्या मैदानावरची लीगची मॅच होती, ना फायनल ना सेमी. १७ फेब्रुवारी २०२४, एमिरेट्स स्टेडियम, समोर मँचेस्टर युनायटेड, ६०,१६० लोक, सगळी तिकिटं विकली गेलेली. त्याच्या आधी डिसेंबरमध्ये चेल्सीबरोबर ५९,०४२. आता ही टीम पूर्वी घरच्या मॅच कुठं खेळायची? लंडनच्या बाहेर बोरहॅमवूडला, साडेचार हजाराच्या आसपास माणसं मावतात अशा छोट्या मैदानावर, आणि अजूनही काही मॅच तिथंच होतात. इंग्लंडची ती लीग सुरू झाली २०११ ला, म्हणजे साठ हजार यायला तेरा वर्षं लागली. मोठं मैदान, आधीपासून जाहीर झालेल्या तारखा आणि परत परत तिथंच खेळणं, ह्यातनं माणसाला सवय लागते. तिथल्या सगळ्या क्लबांना एवढी गर्दी होते असं मी अजिबात म्हणत नाही, बऱ्याच ठिकाणी दोन-चार हजारच असतात. पण कोणीच बघत नाही आणि दोन-चार हजार बघतात ह्यात फरक आहे का नाही? आमच्याकडं रणजीची मॅच पार्क स्टेडियमवर असते तेव्हा सकाळी दहाला किती जण असतात ते मी मोजून दाखवू का काकांना?

सवयीचंच म्हणाल तर आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा घ्या. संक्रांत आली की होम मैदानावर पाळणे लागणार, नंदीध्वज निघणार, हे सांगायला कोणाला बोर्ड लावावा लागत नाही. जागा ठरलेली, दिवस ठरलेला, म्हणून पुण्या-मुंबईला गेलेला माणूसपण सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून येतो. तोच गड्डा दरवर्षी वेगळ्या गावात ठेवा, तारीख आदल्या दिवशी सांगा, मग बघू किती येतात.

आता ते शाळकरी पोरांनी हरवल्याचं. झालं होतं, नाकारायचं कारण नाही. एप्रिल २०१७ ला एफसी डॅलसच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांबरोबर अमेरिकेच्या बायकांचा सराव झाला आणि पोरं ५-२ नं पुढं राहिली. साधा सराव होता तो, त्याच अमेरिकेनं २०१९ चा वर्ल्ड कप जिंकला. आणि मुळात ह्यानं सिद्ध काय होतं? अमन सेहरावतनं पॅरिस ऑलिंपिकला ५७ किलो गटात ब्राँझ आणलं तेव्हा काकांनीच स्टेटस ठेवलं होतं, तिरंगा, वाघाचा फोटो, सगळं. तेव्हा ‘१२५ किलोवाल्यानं ह्याला उचलून आपटला असता’ असं काका नाही म्हणाले. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या जिल्ह्याला गट म्हणजे काय हे शिकवायचं म्हणजे कमाल आहे.

राहिला शेवटचा, आणि मला खरोखर लागलेला मुद्दा: ‘आपल्या पोरी कुठंच नाहीत.’

५ जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई. समोर थायलंड, जे २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळलेत, मॅच त्यांच्याच घरात, आणि भारतानं २-१ नं जिंकली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयानं ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशिया कपमध्ये आपण पात्रता फेरी जिंकून गेलो. मनीषा कल्याण २०२२ ला सायप्रसच्या क्लबकडनं युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथं खेळलेली पहिली भारतीय. १९८३ ला तर आपण आशियात दुसरे होतो! तेव्हा ‘कुठंच नाहीत’ असं नाही, मधल्या काळात कोणी विचारलं नाही असं आहे.

आणि विचारलं नाही म्हणजे कसं, तर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचंच बघा. कोल्हापूर म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींच्या टीम, पाटाकडीलची मॅच असली की अख्ख्या पेठेचा जीव वर-खाली. त्या गावची बायकांची टीम, एफसी कोल्हापूर सिटी, देशाच्या महिला लीगमध्ये खेळली. कुठं? २०१९ ला लुधियानात आणि २०२० ला बेंगळुरूत. कारण तेव्हा ती लीग सगळ्या टीमना एकाच गावात बोलावून उरकायचे. म्हणजे फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावाची टीम देशाच्या लीगमध्ये आणि त्या गावातल्या माणसानं मोबाईलवर बघायचं. घरच्या नि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून खेळायची पद्धत त्या लीगमध्ये २०२३-२४ ला आली, सात टीम. आता आत्ता आत्ता घर मिळालेल्या लीगला विचारायचं की तुझ्या घरी पाहुणे का येत नाहीत?

हे मी काय पुस्तकात वाचून बोलत नाही. पुतणीची पहिली मॅच मी बघायला गेलो होतो. तारीख दोनदा बदललेली, मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, मार्च महिना, वेळ साडेअकराची, आणि आपलं मार्चचं ऊन काय असतं ते सांगायला नको. बघायला मी, दोन आया आणि एक कुल्फीवाला, तोपण हाफ टाइमला निघून गेला. मेसेजवाल्यानं तेव्हा फोटो काढला असता तर त्याला पुरावाच मिळाला असता.

त्यानंतर तीन मॅच शाळेच्याच मैदानावर झाल्या, रविवारी सकाळी साडेसातला, आणि वेळापत्रक आधीच फळ्यावर लिहून टाकलं होतं. पहिल्याला तीसेक जण. दुसऱ्याला गोलकीपर पोरीची आजी आली, ती विड्या वळते, तर सूप मांडीवर घेऊनच बसली, पानं कातरता कातरता मॅच बघायली आणि तिच्याबरोबर गल्लीतल्या चार अक्का. तिसऱ्याला मी मोजायला लागलो आणि एकशे दहाच्या पुढं सोडून दिलं. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही भाषांत रेफ्रीचा उद्धार चाललेला. एक रिक्षावाले मामा सारखे ‘ऑफसाईड, ऑफसाईड’ ओरडायले, थ्रो-इनलापण. पोरी तेवढ्याच, बॉल तोच, खेळ काय तीन रविवारांत बार्सिलोनासारखा झाला नव्हता, हरल्याच त्या दिवशी १-०. लोक तरी शेवटपर्यंत थांबले आणि नंतर समोरच्या गाड्यावर भजी संपली.

म्हणून मीटिंगमध्ये मी मागणारेय ते एवढंच: मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, आणि महिन्यातनं दोन रविवार मॅचसाठी, सहा महिने न बदलता. सहा महिन्यांनी कोणीच येत नसेल तर काकांनी खुशाल तो मेसेज परत टाकावा, मी स्वतः फॉरवर्ड करीन.

आणि काका, एक सांगायचं राहिलं. त्या तिसऱ्या मॅचला काकूपण होत्या. गोलपोस्टच्या मागं, बोरीच्या सावलीत, भाजीची पिशवी घेऊन. पुढची मॅच कधी आहे म्हणून परवा मलाच विचारत होत्या, मी म्हटलं मैदानाचं काकांना विचारा.