फिल्मवरचे डाग: भांड्यांचं लिक्विड हा उपाय नव्हे

घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणाऱ्या नागपूरकरांत एक मेसेज फिरतोय: शेवटच्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, डाग पडत नाहीत. कृपया असं करू नका. त्यातला रंग आणि सुगंध फिल्मवरच वाळतो.

डाग मुळात क्षारांचे. बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की पांढरी कड उरते, अगदी बादलीवर दिसते तशी. शेवटी मिनिटभर डिस्टिल्ड वॉटर वापरा, लिटरला ५ मिली फोटो-फ्लो २०० (थेंब न धरता पाणी ओघळून जावं म्हणून घालायचं कोडॅकचं द्रावण) घालून. जास्त घातलं तर त्याचेच ओघळ उमटतात.

ओली फिल्म बोटांनी निपटू नका. ओलं असताना इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, मऊ असतं, धुळीचा एक कणही ओरखडा पाडतो. आणि मे महिन्यात कूलरसमोर तर मुळीच टांगू नका, बंद बाथरूममध्ये टांगा, खाली चिमटा लावून.