‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी चोरलेली नाही

अंतोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिम्फनीबद्दल (वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या, अनेक भागांच्या मोठ्या रचनेबद्दल), म्हणजे ‘न्यू वर्ल्ड’बद्दल, एक मजकूर समाजमाध्यमांवर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. थोडक्यात तो असा: तिच्यातली सगळ्यात गाजलेली चाल म्हणजे ‘गोइंग होम’ हे अमेरिकेतल्या गुलामांचं जुनं भक्तिगीत, बाकीच्या चाली तिथल्या मूळ निवासींकडून उचललेल्या, श्रेय कुणालाच दिलं नाही, आणि अमेरिकेला जाईपर्यंत या खाटकाच्या मुलाला कुणी ओळखतही नव्हतं.

यामागचा राग मला समजतो. कृष्णवर्णीय कलावंतांचं श्रेय लाटण्याचे प्रकार अमेरिकेच्या संगीतात पुष्कळ झाले. पण हे उदाहरण त्यांतलं नाही, आणि ते तसं रंगवल्यामुळे ज्या माणसाचं नाव पुढे यायला हवं तोच मागे पडतो.

आधी ‘गोइंग होम’. इथे क्रमच उलटा झाला आहे. द्वोर्झाकने सिम्फनी पुरी केली २४ मे १८९३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये अँटन झाइडलच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग झाला. ‘गोइंग होम’चे शब्द आले १९२२ मध्ये. ते लिहिले विल्यम आर्म्स फिशर याने, जो न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाकचाच विद्यार्थी होता. सिम्फनीच्या दुसऱ्या, संथ भागातल्या (त्याला ‘लार्गो’ म्हणतात) चालीवर त्याने शब्द बसवले. पुढे पॉल रोबसनसारख्या कृष्णवर्णीय गायकाने ते गायलं, चर्चमध्ये आणि अंत्यविधींना ते गायलं जाऊ लागलं, आणि हळूहळू सगळ्यांना ते पूर्वापार चालत आलेलं वाटू लागलं. १८९३च्या आधीच्या स्पिरिच्युअल गीतांमध्ये, म्हणजे गुलामांच्या भक्तिगीतांमध्ये, ही चाल अभ्यासकांना सापडलेली नाही.

मग ती इतकी ओळखीची का वाटते? कॉर आंग्ले या ओबोच्या जातीच्या सुषिर वाद्यावर वाजणारी पहिली ओळ सरगमात म्हणून बघा: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. आपल्याकडे गाणं शिकणारं पोर पहिल्या वर्षी जे पाच स्वर घोटतं, ते भूप रागाचे स्वर हे. पुढे वरच्या षड्जाला स्पर्श करताना निषाद डोकावतो, तेवढाच काय तो भूप मोडतो. हीच पाच स्वरांची चौकट स्कॉटलंडच्या लोकगीतांत आहे, चीनच्या संगीतात आहे, स्पिरिच्युअल्समध्येही आहे. अशा चौकटीत बांधलेली चाल कुठल्याही मुलखातल्या माणसाला आपली वाटते. तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. पहिल्या भागात बासरीवर येणाऱ्या चालीत मात्र ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ या स्पिरिच्युअलचा भास स्पष्ट होतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण भास आहे तो एका तुकड्याचा, आख्ख्या गाण्याचा नव्हे.

मूळ निवासींच्या चालींचा दावा तर तारखांपाशीच अडखळतो. द्वोर्झाक आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी गेला, तिथे मूळ निवासींचं गाणं-नाच त्याने पाहिलं, हे खरं. पण तो तिथे पोचला जून १८९३ मध्ये, सिम्फनी पुरी झाल्यावर. स्पिलव्हिलला लिहिलं गेलं ते ‘अमेरिकन’ चतुष्क, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना. सिम्फनीच्या हस्तलिखिताच्या शेवटी त्याने टिपून ठेवलं आहे की मुलं साउथॅम्प्टनला पोचली, तशी तार आली. मायदेशी मागे राहिलेली चार मुलं त्याला भेटायला निघाली होती, आणि ती आल्यावरच सगळं कुटुंब स्पिलव्हिलला गेलं. अमेरिकी कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ या मूळ निवासी नायकावरच्या काव्याचा आधार मात्र त्याने स्वतःच सांगितला. तिसरा भाग त्यातल्या मेजवानीच्या नाचावरून सुचल्याचं तो म्हणाला. ही प्रेरणा पुस्तकातून आली होती, कुणाच्या तोंडच्या चालीतून नव्हे.

शिवाय दुसऱ्यांच्या चाली जशाच्या तशा घेणं ही त्याची रीतच नव्हती. १८७८ची ‘स्लाव्हॉनिक डान्सेस’ घ्या. जर्मन संगीतकार ब्राम्सने ‘हंगेरियन डान्सेस’मध्ये प्रचलित चाली घेऊन मांडल्या, द्वोर्झाकने फुरियांतसारख्या चेक लोकनाचांची लय घेतली आणि चाली स्वतः रचल्या. म्हणजे स्वतःच्या मातीतल्या गाण्यांशीही तो असाच वागला होता. १९०० मध्ये ऑस्कर नेडबाल या शिष्याला त्याने पत्रातून बजावलं की ‘इंडियन’ (म्हणजे मूळ निवासींच्या) आणि अमेरिकन चाली वापरल्याचा मूर्खपणा छापू नकोस, ते खोटं आहे; आपण फक्त त्या चालींच्या भावनेत लिहायचा प्रयत्न केला, असं त्याने लिहिलं.

आता श्रेयाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. जनेट थर्बर यांच्या ज्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या संगीतशाळेचा, द्वोर्झाक संचालक होता, तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता. त्यांतला एक हॅरी बर्ली. त्याचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, दृष्टी गेलेले. त्यांच्या तोंडून ऐकलेली गाणी बर्ली द्वोर्झाकला घरी गाऊन दाखवायचा. आणि द्वोर्झाकने ही गोष्ट लपवली नाही. मे १८९३ मध्ये, सिम्फनीवरचा शेवटचा हात फिरत असतानाच, ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये त्याचं म्हणणं छापून आलं की या देशाचं पुढचं संगीत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या पायावरच उभं राहिलं पाहिजे. गुलामगिरी संपून जेमतेम तीन दशकं होत होती. हे ऐकून बोस्टनचे आणि युरोपातले संगीतकार खवळले. तरी पुढच्या जानेवारीत त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कृष्णवर्णीय गायकवृंद उभा करून कार्यक्रम केला. त्यात बर्ली आणि सिसिरेटा जोन्स ही कृष्णवर्णीय गायिका एकल गायले. याला श्रेय लपवणं कसं म्हणायचं?

आणि ‘कुणी ओळखत नव्हतं’? थर्बरबाईंनी वर्षाला १५,००० डॉलर कुणा अनोळखी माणसाला देऊ केले नव्हते. त्याचं ‘स्टाबात माटर’ हे धार्मिक समूहगान १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्याच संचालनाखाली झालं होतं, आणि १८९१ मध्ये केंब्रिजने त्याला मानद डॉक्टरेट दिली होती. वडील खाटीक होते, खानावळही चालवायचे, हे खरं. ते झिदर हे तंतुवाद्यही वाजवायचे, एवढंच त्या मजकुरात नसतं.

राहिला बर्ली. १८९४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये एकल गायक म्हणून लागला आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथे गात राहिला. ‘डीप रिव्हर’सारखी स्पिरिच्युअल्स पियानोच्या साथीने एकट्या गायकासाठी मांडून त्याने ती मैफलीच्या मंचावर नेली. ‘गोइंग होम’ला गुलामांचं गाणं म्हणून पुढे पाठवण्याऐवजी बर्लीचं ‘डीप रिव्हर’ पाठवा. ते गाणं खरोखर त्या लोकांचं आहे, आणि त्यावर नावही त्यांच्यातल्याच माणसाचं आहे.