आधी त्या स्क्रूचा नाद सोडा!

जेट बोटीच्या इंजिनाची रेस चढलेली राहते म्हटलं, की हात थेट आयडल स्क्रूकडे, म्हणजे उभ्या इंजिनाची रेस ठरवणाऱ्या स्क्रूकडे. का? दर वेळी तोच का पिळायचा? पिळला, रेस उतरली, झालं समाधान. दुसऱ्या दिवशी परत तेच, नाहीतर धक्क्याला लागताना इंजिन बंदच!

अरे, थ्रॉटलची केबल आधी सोडवून बघा ना! केबल काढल्यावर रेस खाली आली तर दोष तिचाच. ताणून बसवलेली, गंजलेली, कुठेतरी वळणात अडकलेली. दोन मिनिटांचं काम! तरी रेस चढलेलीच? मग इंजिन कुठूनतरी जादा हवा ओढतंय. इनटेकचं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेचं गॅस्केट, तडकलेला व्हॅक्यूम पाइप, कार्ब्युरेटरचा तळ. फ्युएल इंजेक्शन असेल तर आयडलची हवा सांभाळणारा, काजळीने अडकलेला आयडल एअर व्हॉल्व्ह. हे कोण बघणार? आणि थंड इंजिन सुरुवातीला जास्त रेस घेतंच, त्याला तापू तरी द्या!

वर ऐकायचं, ‘थोडीच जास्त आहे, चालतंय की!’ नाही चालत! बहुतेक जेट बोटींत इंपेलर, म्हणजे पाणी खेचून मागे फेकणारा पंखा, थेट इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन फिरतंय तोवर तो पाणी फेकणारच. न्यूट्रल म्हणजे नुसती बकेट, मागचा फवारा उलटा वळवणारी झडप, अर्धी खाली, पुढचा-मागचा जोर सारखा करायला. रेस चढलेली असली की त्या तोलातला जरासा फरकही बोट सरकवायला पुरतो. समोर धक्का असो की पोहणारं पोर! आणि खाली पाणी खेचणाऱ्या जाळीत दोर गेला, कुणाचे मोकळे केस गेले तर?