वह्या जळाल्या म्हणून काय झालं?

मुंबईतल्या एका चर्चासत्रात म्हणे वाद रंगला: मानवशास्त्राच्या पीएचडीवाल्यांना फील्डनोट्स, म्हणजे जागेवर पाहिलं-ऐकलं त्याच्या हातानं लिहिलेल्या नोंदी, लिहायला लावायच्याच कशाला? मुलाखत फोनवर रेकॉर्ड करा, मशीन उतरवून देतं. वर दाखला मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचा. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ते असताना आग लागली, कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या त्यांच्या नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या, तरी आठवणीवर पुस्तक झालंच ना?

झालं. पण कुणाचं? १९४८ साली त्या गावात राहून नोंदी लिहिणाऱ्या आणि पुढे अनेक वर्षं त्या घोळवणाऱ्या माणसाचं.

मुंबईच्या ससून डॉकवरचा पहाटेचा मासळीचा लिलाव घ्या. पाटीभोवती दहा जणी एकदम बोलतात, मागे बर्फ फुटत असतो. मशीन कोळी बोली शहरी मराठीत ढकलतं, ‘वाटा’ची ‘वाट’ लावतं. वाक्य मात्र नीटनेटकं दिसतं, म्हणून चूक सापडत नाही. भाव मान हलवून ठरला, कुणाला पाटी उधारीवर मिळाली, कोण गप्प राहिली, हे तर कुठल्याच फाईलमध्ये येत नाही. जागेवर खिशातल्या वहीत चार शब्द टिपायचे: कोण, कुठे उभी, कुणाशी बोलली. सविस्तर त्याच दिवशी, झोपण्याआधी आणि कुणाला सांगण्याआधी, कारण सांगताना गोष्ट गोळीबंद होते. तासाभराच्या निरीक्षणाला दोन तास लिखाण धरा. ऐकलेले शब्द अवतरणात, आपला अंदाज समासात. दोन दिवस गेले की दोन्हींची खिचडी होते.

इथे लंडनला पहिलं वर्ष यातच जातं. मग एथिक्सचा फॉर्म, रिस्क असेसमेंट, अपग्रेड (पीएचडीत पुढे जाऊ देणारी परीक्षा), आणि त्यानंतर बारा ते अठरा महिने फील्ड. बरं, इथे स्टायपेंड असतो. तिकडे पोरं नोकरी सांभाळून रविवारी फील्डवर जातात, हे मान्य. तुकड्यातुकड्यांच्या कामाला आता इकडेही मान आहे, २०२० मध्ये ‘पॅचवर्क एथ्नोग्राफी’चा, म्हणजे ठिगळं जोडत केलेल्या फील्डवर्कचा, जाहीरनामाच निघाला. (गोधडी हा शब्द आपल्याकडे होताच.) पण मधे सहा दिवसांची फट असेल तर नोंदी आणखी दाट हव्यात. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही: ते स्वतः फारसे फील्डवर गेले नाहीत, विद्यार्थ्यांना पाठवत राहिले.

प्रबंधात ‘मी कोण, कुठला’ असा एक परिच्छेद असतो. गिरगावात वाढलेले आम्ही तिथे बिनधास्त ‘मुंबईचे’ लिहितो. डॉकवरची बोली मात्र आम्हाला त्या मशीनइतकीच कळते.