डोळ्याचं इंजेक्शन आणि केळ्यावरचं चिलट

‘संत्र्यावरच्या माशीत डोळ्याचं जनुक सापडलं! हे एकच जनुक अख्खा डोळा बनवतं. शास्त्रज्ञांनी माशीच्या पायावर माणसाचा डोळा उगवला. आता एका इंजेक्शनने अंधांना दिसणार. पुढे पाठवा.’ प्रतापनगरच्या आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर हा मजकूर या आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणाऱ्या काकांना काचबिंदू आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माशी. नागपूरच्या कळमना बाजारात येणाऱ्या संत्र्यांत अळी सोडणारी फळमाशी वेगळी. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं, जेमतेम तीन मिलिमीटरचं लाल डोळ्यांचं चिलट.

पायावरचा डोळा मात्र थाप नाही. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने ‘आयलेस’ हे जनुक अळीतल्या, पुढे पाय, पंख आणि मिशा होणाऱ्या पेशींत चालू केलं आणि तिथे डोळे आले. मग उंदरातलं त्याच कुळातलं जनुक वापरून पाहिलं. तरीही आला तो माशीचाच जाळीदार डोळा. हुकूम उंदराचा, कारागीर माशीचे! माणसाच्या डोळ्याचा यात कुठेच संबंध नव्हता, आणि पूर्ण वाढलेल्या माशीला काही उगवलं नव्हतं.

‘एकच जनुक’ हा दावा तर नावापासूनच फसवा. आयलेस म्हणजे डोळाविहीन. जनुक बिघडलं की जे दिसेनासं होतं, त्यावरून माशीवाले नाव ठेवतात. ‘आइज ॲबसेंट’ आणि ‘साइन ऑक्युलिस’ ही त्याची साथीदार जनुकं बिघडली तरी डोळा होत नाही. उलट एकटं ‘आइज ॲबसेंट’ किंवा ‘डॅक्सहुंड’ भलत्या जागी चालू केलं तरी तिथे डोळा येऊ शकतो. मग ‘ते’ एकमेव जनुक कोणतं म्हणायचं?

खरी गंमत हुकूम सुटल्यानंतरची. अळीच्या अंगात डोळ्यासाठी पेशींची एक चपटी चकती असते. सुरुवातीला काही डझन पेशी. अळी खात सुटते तशा त्या हजारोंवर जातात. मग चकतीच्या मागच्या कडेपासून एक खाच पुढे सरकू लागते. खाचेपुढच्या पेशी अजून विभागत असतात, खाचेत आल्या की थांबतात, आणि खाच ओलांडून गेली की कुणी काय व्हायचं ते ठरू लागतं. ‘एटोनल’ हे जनुक ठरावीक अंतरावर एकेक पेशी निवडतं. माशीचा डोळा कप्प्याकप्प्यांचा, दर कप्प्यात प्रकाश टिपणाऱ्या आठ प्रकाशपेशी; निवडलेली ती त्यांतली आठव्या क्रमांकाची. ती शेजारणींना कामाला लावते. पाच जणींचा घोळका जमला की उरलेल्यांना आणखी एकदाच विभागायची मुभा, आणि त्यांतून बाकीच्या तिघी येतात. सातवी सगळ्यांत शेवटी. आठवीचा निरोप ऐकायला तिच्याकडे ‘सेव्हनलेस’ नावाचं प्रथिन लागतं. ते नसेल तर ती मरत नाही. प्रकाशपेशी व्हायचं सोडून भिंगाच्या कामाची शंकूपेशी होते. असे साधारण साडेसातशे कप्पे मिळून एक डोळा. वाढ कुठे थांबवायची याची जनुकं आणखी निराळी: ‘हिप्पो’ किंवा ‘वॉर्ट्स’ बिघडलं की पेशी वाढतच राहतात आणि डोळा फुगून सुरकुततो.

राहिलं इंजेक्शन. माणसात आयलेसचा जोडीदार आहे, अकराव्या गुणसूत्रावरचं ‘पॅक्स सिक्स’. त्याची एक प्रत बिघडली तर बाळ बुबुळाच्या रंगीत पडद्याविना जन्मू शकतं. पण हे जनुक डोळा घडवायला लागतं ते गर्भात. मोठ्या माणसाच्या डोळ्यात ती चकती नाही, ती खाचही नाही. डोळ्यासाठीचं एक जनुकीय औषध अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं हे खरं. पण ते ‘आरपीई ६५’ या एकाच जनुकातल्या बिघाडासाठी आहे, आणि दृष्टिपटलात जिवंत पेशी उरल्या असतील तरच. नवा डोळा तेही बनवत नाही.

काचबिंदूत तर डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसच झिजते. ती या मजकुरात कुठेच नाही. तेव्हा काका, रात्रीचे थेंब चुकवू नका. आणि चिलट पाहायचं असेल तर घरी या, भिंग आहे माझ्याकडे. केळी तेवढी पिकलेली आणा.