चिंता नसावी, संस्था समर्थ आहेत

अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या मुलाखतीची तयारी आठवते ना? शंभर प्रश्न, शंभर उत्तरं, ऑफिसला जाता-येता गाडीत ऐकून पाठ केलेली. त्यात एक प्रश्न असा होता: सरकारची एखादी शाखा शिरजोर होऊ नये म्हणून काय सोय आहे? आपण सगळ्यांनी छाती फुगवून सांगितलं, ‘चेक्स अँड बॅलन्सेस’. अधिकाऱ्याने कागदावर खूण केली, आपण पास. तेव्हापासून ती जबाबदारी चेक्सची आणि बॅलन्सेसची. राष्ट्राध्यक्षाने कितीही धुडगूस घातला तरी इथल्या मराठी माणसाने रात्री निवांत झोपावं. काहींना अजून झोप लागत नाही असं कानावर येतं. त्यांच्यासाठी हे थोडे सल्ले.

सगळ्यात आधी, आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहू नका. मी लिहिलं आणि झोपेचं खोबरं करून घेतलं. प्रश्न अगदी साधा होता. आयात शुल्क लावण्याचा अधिकार राज्यघटनेने पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, दिलाय. ट्रम्पसाहेबांनी 2025 मध्ये 1977 चा एक आणीबाणीचा कायदा बाहेर काढला, ज्याच्या मजकुरात आयात शुल्काचं नावसुद्धा नाही, आणि त्याच्या जोरावर जगभर शुल्क लावत सुटले. तर साहेब, तुमचा अधिकार तुम्हाला परत हवाय की नको?

उत्तर आलं. बऱ्याच दिवसांनी, पण आलं. ‘संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्या जागरूक नागरिकांचं मत माझ्यासाठी अमूल्य आहे. या विषयावर माझं बारीक लक्ष आहे. तथापि, प्रकरण न्यायालयासमोर असल्याने आपण निकालाची वाट पाहू.’ पुढचा सबंध परिच्छेद माजी सैनिकांच्या पेन्शनविषयी. मी पेन्शनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. खाली सही छापील. फोन करून पाहिला तर एका गोड आवाजाच्या इंटर्न मुलाने झिप कोड विचारला आणि ‘तुमची भावना साहेबांपर्यंत पोचवतो’ म्हणाला. भावना पोचली की नाही कळायला मार्ग नाही, माझा ईमेल मात्र बरोबर पोचला. रोज सकाळी वर्गणी मागणारी मेल येते. विषयाच्या जागी लिहिलेलं असतं: ‘लोकशाही धोक्यात आहे’.

तेव्हा पत्र नको. बारीक लक्ष असलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

दुसरं, कॅलेंडर बघत बसू नका. 1976 चा आणखी एक आणीबाणीचा कायदा आहे, तो सांगतो की आणीबाणी संपवण्याचा ठराव कुणीही सभासद आणू शकतो आणि समितीने तो पंधरा दिवसांत पुढे पाठवायचा. दाबून ठेवायचा नाही. आता ठराव मतदानाला आला म्हणजे हात वर करावा लागणार, आणि हात वर केला म्हणजे तो दिसणार. मोठीच पंचाईत. तर 11 मार्च 2025 ला हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, एक नियम मंजूर केला: राष्ट्राध्यक्षांनी शुल्क लावण्यासाठी 1 फेब्रुवारीला जाहीर केलेल्या आणीबाणीपुरता, या अधिवेशनातला उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजला जाणार नाही. पुन्हा वाचा, मीही पुन्हा वाचला होता. सूर्य उगवत होता, मावळत होता, पण कायद्याच्या दृष्टीने पंधरा दिवस काही केल्या पूर्ण होत नव्हते. वर्षाला 174,000 डॉलर पगार मात्र नेहमीच्या कॅलेंडरनेच.

आणि समजा ठराव मंजूर झालाच, तरी काय? मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांच्या ठरावाने आणीबाणी संपत होती. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात असे ठराव घटनाबाह्य ठरवले, म्हणून मग कायदा बदलला. आता आणीबाणी रद्द करण्याच्या ठरावावर सही लागते. कुणाची? ज्याने आणीबाणी लावली त्याची. 2019 मध्ये ट्रम्पनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी लावली तेव्हा दोन्ही सभागृहांनी, सिनेटमध्ये (म्हणजे वरच्या सभागृहात) त्यांच्याच पक्षाचं बहुमत असताना, ती रद्द करण्याचा ठराव मंजूर केला. ट्रम्पनी 15 मार्चला व्हेटो केला. तो मोडायला लागणारे दोन तृतीयांश कुठून आणणार? गंगेत घोडं न्हालं.

तिसरं, आपल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असेल तेव्हा टाळ्या वाजवा. ओबामांनी 2011 मध्ये लिबियावर बाँब टाकताना काँग्रेसला विचारलं नाही. काँग्रेसच्या परवानगीशिवाय लढण्यावर 1973 च्या कायद्याने घातलेली साठ दिवसांची मुदत उलटली तेव्हा सांगितलं, हे काही तसलं युद्ध नव्हे. बायडेन म्हणाले होते मुलाला माफी देणार नाही, आणि 1 डिसेंबर 2024 ला दिली. तेव्हा ज्यांनी ‘अहो, बापाचं काळीज असतं’ म्हणत डोळे पुसले त्यांनी आता माफीच्या अधिकारावर गळा काढू नये. पायंडा पडतो तो असाच, आवडत्या माणसासाठी.

चौथं, कोर्टाच्या आदेशांची अंमलबजावणी करणारे मार्शल न्याय खात्याचे नोकर असतात. न्याय खातं कुणाच्या हाताखाली, हे विचारू नका.

पाचवा सल्ला महाभियोगाबद्दल. हा नीट समजून घ्या, कारण संस्था एकमेकींना किती मान देतात ते इथे दिसतं. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करता करता पंगत उठून जाते, तसा मान.

6 जानेवारी 2021 ला कॅपिटलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, ट्रम्पसमर्थकांचा जमाव चालून गेला. 13 तारखेला हाउसने ट्रम्पवर महाभियोग मंजूर केला, 232 विरुद्ध 197. ट्रम्पची मुदत संपायला एक आठवडा होता. खटला चालवायला सिनेटने लगेच बसायला हवं होतं. तेव्हाचे बहुमतातले नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, 19 तारखेपर्यंत बैठक नाही. 20 ला मुदत संपली. फेब्रुवारीत खटला उभा राहिला तेव्हा ट्रम्पचे वकील म्हणाले, ते आता माजी आहेत, माजी माणसावर महाभियोग कसला? गुन्हा केला असेल तर कोर्ट आहे की! मतदान झालं, 57 दोषी म्हणाले, 43 निर्दोष. लागत होते 67. मॅकॉनेलनी ‘निर्दोष’ मत दिलं आणि लगेच उभं राहून भाषण केलं की घडल्या प्रकाराला ट्रम्पच जबाबदार आहेत, पण आपल्या देशात फौजदारी कायदा आहे, तो बघेल. म्हणजे ज्याने बैठक लांबवली त्यानेच सांगितलं की उशीर झाला. आणि हे सांगताना चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

ठीक. फौजदारी कायदा बघेल. ऑगस्ट 2023 मध्ये आरोपपत्र आलं. जानेवारी 2024 मध्ये अपील कोर्टात ट्रम्पचे वकील काय म्हणाले? सिनेटने आधी दोषी ठरवलेलं नाही, मग खटला चालवता कसा? न्यायाधीशांनी विचारलं, राष्ट्राध्यक्षाने नौदलाच्या कमांडोंकडून राजकीय प्रतिस्पर्ध्याचा खून करवला तरी? उत्तर: आधी महाभियोग, त्यात दोषी, मग खटला. सिनेटमध्ये म्हणायचं कोर्टात जा, कोर्टात म्हणायचं सिनेटमध्ये जायला हवं होतं! अपील कोर्टाने हे धुडकावलं. मग सर्वोच्च न्यायालय. एप्रिलअखेर सुनावणी, 1 जुलैला निकाल, सहा विरुद्ध तीन: घटनेने दिलेल्या मूळ अधिकारांत राष्ट्राध्यक्षाने जे केलं त्यावर खटलाच नाही, आणि बाकीच्या सरकारी कामांनाही संरक्षण आहे असं गृहीत धरायचं. घटनेत हे कुठे लिहिलंय ते मला सापडलेलं नाही. मग पुन्हा खाली, कुठलं काम सरकारी आणि कुठलं खासगी ते ठरवा. तोवर नोव्हेंबर. निवडणूक झाली. 25 नोव्हेंबरला सरकारी पक्षानेच खटला मागे घेतला, कारण पदावर येणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही असं न्याय खात्याचं धोरण आहे. आधी तो पदावर होता म्हणून नाही, मग पदावर नव्हता म्हणून नाही, आणि शेवटी पदावर येणार म्हणून नाही. चार वर्षं! मधे एकाही संस्थेने नियम मोडला नाही हो. सगळ्यांचे कागद चोख. आणि 20 जानेवारी 2025 ला, पदावर आल्याच्या दिवशी, त्या जमावातल्या सुमारे 1,500 जणांना माफी.

हसताय काय? यात विनोद कुठाय?

सहावं, इन्स्पेक्टर जनरल. सरकारी खात्यांत लबाडी शोधणारी ही माणसं. त्यांना काढायचं तर काँग्रेसला तीस दिवस आधी कारणासकट कळवावं लागतं. 24 जानेवारी 2025 च्या रात्री सतराएक जणांना ईमेलने घरी पाठवलं. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हे बेकायदा झालं, पण कामावर परत घेण्याचा आदेश देत नाही, कारण परत घेतलं तरी राष्ट्राध्यक्ष तीस दिवसांची नोटीस देऊन पुन्हा काढतील. हा निकाल छापून फ्रिजवर लावा. झोप छान लागते.

आणि आता तो उपरोध जाऊ दे, मला जमत नाहीये.

संस्था राष्ट्राध्यक्षाला आवरू शकतात का, म्हणून चर्चासत्रं भरतात, तासन् तास पॉडकास्ट चालतात. संस्था म्हणजे कोण? इमारत आवरणार आहे का? खांब आवरणार आहेत? 23 नोव्हेंबर 2020 ला मिशिगनच्या चार जणांच्या मंडळापुढे ट्रम्प हरलेल्या निवडणुकीचा निकाल प्रमाणित करायचा प्रश्न होता. दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. वरून दबाव प्रचंड. आरन व्हॅन लँगवेल्ड या रिपब्लिकन सभासदाने कायदा वाचला, म्हणाला आम्हाला अडवायचा अधिकार नाही, आणि प्रमाणित करण्याच्या बाजूने मत दिलं. पक्षाने त्याला त्या मंडळावर पुन्हा घेतलं नाही. जॉर्जियात निवडणुकांचं काम बघणारे रिपब्लिकन ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना 2 जानेवारी 2021 ला खुद्द ट्रम्पचा फोन, 11,780 मतं शोधा म्हणून. त्यांनी शोधली नाहीत. हाउसमधल्या ज्या दहा रिपब्लिकनांनी महाभियोगाला मत दिलं त्यातले चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या आपल्याच पक्षाच्या निवडणुकीत, पडले, दोघे उरले. इंडियानाच्या राज्य सिनेटमध्ये डिसेंबर 2025 मध्ये मतदारसंघ मधेच नव्याने आखायचा हुकूम व्हाइट हाउसमधून आला होता. धमक्या आल्या, तरी 21 रिपब्लिकन नाही म्हणाले आणि विधेयक 31 विरुद्ध 19 ने पडलं. आणि दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्षाने मार्शल लॉ पुकारला, सैन्य संसदेत शिरलं, तेव्हा साठी उलटलेले सभापती कुंपणावरून उडी मारून आत गेले. काही तासांत 190 जण जमले, 190 विरुद्ध शून्य मतांनी मार्शल लॉ उलटवला. चार महिन्यांत घटना न्यायालयाने त्या राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवलं, आठ विरुद्ध शून्य. त्या 190 मध्ये त्याच्या स्वतःच्या पक्षाचेही होते. कुंपण चढायचं की घरी बसून बारीक लक्ष ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

इथे रिपब्लिकन सिनेटर लिसा मुर्कॉव्स्की एप्रिल 2025 मध्ये आपल्या राज्यातल्या लोकांसमोर म्हणाल्या की आम्ही सगळे घाबरलोय. निदान खरं बोलल्या. बाकीच्यांना विचारा. अरे, तुम्हाला सहा वर्षांची मुदत दिली कशासाठी? दर दोन वर्षांनी लोकांपुढे जायची भीती नको म्हणूनच ना? युद्ध तुम्ही जाहीर करायचं, पैसा तुम्ही मंजूर करायचा, नेमणुका तुम्ही तपासायच्या, आणि सगळं असून तुम्ही घाबरता कशाला? तर प्रायमरीला. मूठभर लोक मतदान करतात त्या प्रायमरीला!

आणि ते मूठभर लोक का? कारण तुम्ही जात नाही. हो, तुम्हीच. चार वर्षांतून एकदा रांगेत उभं राहून दंडावर स्टिकर लावून फोटो टाकता आणि मधल्या काळात ‘कोर्ट बघून घेईल, इथे सिस्टीम आहे’ म्हणून मलाच ऐकवता. तुमच्या मतदारसंघाच्या प्रायमरीची तारीख सांगा बघू. हाउसच्या 435 जागा दर दोन वर्षांनी भरतात, त्यातल्या किती जागांचा निकाल प्रायमरीतच लागतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि तरी त्या दिवशी तुम्हाला मुलाच्या सॉकरची मॅच आठवते. पार्टी रजिस्ट्रेशन केलंय का? कित्येक राज्यांत त्याशिवाय प्रायमरीत मत देता येत नाही. ‘आपण कुठल्याच बाजूचे नाही’ म्हणून तो रकाना रिकामा ठेवलात ना फॉर्मवर? मग नका विचारू मला, काँग्रेस गप्प का म्हणून.